पत्र्यातला डोळा

उलथलेल्या उसाच्या ट्रॉलीवर चढून आईशी फोनवर भांडलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो मी. माझं बोलणं चाळून घ्यावं लागतं असं घरातले म्हणतात. चाळा खुशाल. ट्रॉली खरी, ऊस खरा, आणि ते भांडणही खरं.

झालं असं, की पुसेसावळीच्या अलीकडच्या वळणावर एक ट्रॉली पालथी पडली होती. रस्त्यावर ऊस असा पसरला होता की त्यातून हनुमानालासुद्धा वळसा घालून जावं लागलं असतं. मागं दुधाचे टेम्पो, एसटी, लग्नाची एक सुमो, आणि या सगळ्यांच्या मधोमध माझी गाडी, पुढं सरकायला वाव नाही आणि मागं वळायला जागा नाही. मी सांगलीहून उजाडायच्या आत निघालो होतो. औंधच्या अलीकडचं आमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं. म्हणजे माझ्या हाकेच्या. ती मी विट्यात मारली तर मेढ्यात म्हशी कान टवकारतात. खाली रस्त्यावर फोनला रेंज नव्हती. उसाच्या ढिगावर चढलं की दोन काड्या यायच्या. म्हणून मी वर चढलो, आणि आईचा फोन लागला.

"आरं, परेड सुरू झाली!" आई ओरडली. "चित्र दिसतंय. पर आवाज न्हाई. मुकी परेड चाललीय रं!"

माझ्या पायाखालचा ऊस करकरला. ऊसच असावा तो. पण मला वाटलं माझंच काहीतरी मोडलं.

आवाज नाही यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याला आधी आमचे आबा सांगावे लागतील.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत ड्रिलचे उस्ताद होते. पोरांना कवायत शिकवायची, हेच काम. त्यांनी अंगणात ‘सावधान’ म्हटलं की गोठ्यातली बैलं पाय जुळवायची, आणि वाटेनं जाणारा माणूस उगीचच छाती पुढं काढून चालायचा. पण आयुष्यभर गोळीबाराच्या मैदानावर उभं राहून कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यांनी ते तंबाखूच्या चंचीत ठेवून दिलं. "त्यात मानसं कमी आन वारं जास्त ऐकू येतं," म्हणाले.

आणि या आबांची नात, माझ्या थोरल्या भावाची पोरगी, दूर दक्षिणेतल्या अकादमीत अधिकारी व्हायला गेली होती. तिला कवायतीची हाक शिकवली ती आबांनी. उसाच्या एका टोकाला ती उभी, दुसऱ्या टोकाला, विहिरीच्या कठड्यावर आबा. तेव्हा त्यांचा एक कान थोडा शाबूत होता. पोरीचा आवाज वर चढला की फाटायचा. आबा तिकडून ओरडायचे, "गळ्यातनं न्हाई! बेंबीतनं काढ!" पोरगी बेंबीतनं काढायची आणि उसातली पाखरं पार फलटणच्या शिवारात जाऊन बसायची.

तिथं भरती होताना तिला एकच भीती होती, ऐन वेळी आवाज फाटेल ही. आणि नेमकी निवड काय झाली, तर शेवटच्या परेडला तिच्या कंपनीच्या पुढं चालायचं, आणि मंचासमोर आल्यावर ‘दाहिने देख’ची हाक तिनं द्यायची. आबा जाणार होते. कोटाला इस्त्री झाली, पदकांना चिंच लावून झाली. आणि आबा गोठ्यात शेणावरून घसरले. खुबा गेला. डॉक्टर म्हणाले, पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग, बाकी जग विसरायचं. भाऊ-वहिनी तेवढे परेडला गेले.

पोरगी फोनवर रडली. "आबा, तुम्ही समोर नसणार. पण ऐकणार ना?" आईनं हे आबांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानात ओरडून सांगितलं. आबांनी फोन हातात घेतला आणि सगळ्या गल्लीला कळेल असं बोलले, "ऐकीन. तुझं दाहिने देख ऐकल्याबिगर खुर्चीवरनं हालनार न्हाई."

एवढाच शब्द. पण पोरीनं तो कमरेच्या पट्ट्यात खोचून ठेवला होता. आणि तो खरा करायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरातला आवाज मी बसवला होता.

माझं सांगलीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पाण्यातली मोटार, चक्कीची मोटार, जळालेली, बुडालेली, उंदरानं खाल्लेली, कुठलीही माझ्याकडं आली की घरघरत उठून घरी जाते. त्यामुळं वीज पडून घरच्या टीव्हीचा स्पीकर कायमचा मेला, तेव्हा मी म्हटलं, आता साधं काही बसवायचंच नाही. एक दणकट अॅम्प्लिफायर आणला. त्याला सगळे ‘मशीन’ म्हणत. भिंतीवर स्पीकर लावले, आणि आबांच्या खुर्चीशेजारी एक वूफर ठेवला, धान्याच्या कणगीएवढा. पहिल्यांदा लावला तेव्हा औंधच्या डोंगरावरून यमाईनं खाली वाकून बघितलं असणार. आबांनी वूफरवर तळहात ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "आलं," म्हणाले. "हाडातनं वर आलं." त्या दिवसापासून ते तसंच ऐकत. हात वूफरवर आणि मान जराशी तिरकी.

आबांचं भागलं. पण चालवणार कोण?

घरात आबा, आई आणि माझी धाकटी चुलती. टीव्हीचा एक रिमोट, डिशचा दुसरा, नेटच्या काडीचा तिसरा, मशीनचा चौथा, आणि एक पाचवा, जो कशाचा हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण आई टाकू देत नव्हती. सगळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, वर रबर. आई घराबाहेर पडली की मेन बंद करायची, आणि मशीन दर वेळी सगळं विसरून रेडिओवर जाऊन बसायचं. मला दुकानात फोन यायचा, "आरं, टीव्हीत बाई दिसतीय आन आवाज बाजारभावाचा येतोय." मी एका हातात तांब्याची तार आणि दुसऱ्या हातात फोन धरून एवढ्या वेळा समजावलं आहे, की सांगलीतल्या निम्म्या मोटारींत वायंडिंगबरोबर माझा वैतागही गुंडाळलेला आहे.

शेवटी मी ठरवलं, घरातल्या माणसांना मशीन शिकवायचं नाही, मशीनला घरातली माणसं शिकवायची. सगळ्या रिमोटांचं काम करणारा एकच रिमोट आणला. त्याच्या बटणांवर काळी पट्टी चिकटवली, फक्त तीन उघडी ठेवली. त्या तिन्हींवर काय लावायचं? आईनं टिकल्यांचं पाकीट पुढं केलं. लाल टिकली दाबली की चित्र, हिरवी दाबली की मशीन जागं होऊन आवाज, आणि पिवळी दाबली की परेड जिथं दिसणार होती ते थेट पान. चुलती तीन दिवसांत पटाईत झाली. तिच्या कपाळाला टिकली नसते, पण अंगठ्याला त्या तिन्ही पाठ झाल्या.

आता उरली मशीनवरची बटणं आणि फिरवायच्या चकत्या. पाहुण्यांची पोरं आली की आधी त्या पिरगळायची. मी चकत्या उपसून सांगलीला नेल्या आणि बटणांवर काळा पत्रा ठोकला. रिवेट मारून. नुसता ठोकला नाही, तर असा ठोकला की उद्या रणगाडा जरी अंगणात आला तरी त्यानं माझ्याकडं पत्रा मागावा. त्या पत्र्याला मधोमध बोटभर भोक पाडलं आणि आईला जवळ बोलावलं.

"आई, ह्यो मशीनचा डोळा. रिमोट काय म्हनतो ते ह्याला दिसतं. ह्याच्यासमोर रुमाल, फोटो, फुलदाणी, काय बी ठेवायचं न्हाई."

आई मशीनकडं बघत राहिली. काळाभोर पत्रा, आणि मध्ये चकाकणारा एक डोळा.

"आता कसं देवावानी दिसतंय," ती म्हणाली.

मी हसलो. तेव्हा थांबून विचार करायला हवा होता. पण मी रिवेटच्या कौतुकात होतो.

तर असा मी उसावर, आणि तिकडं मुकी परेड.

"आई, हिरवी टिकली दाबली का?"

"दाबली. काकी दाबून दाबून अंगठा झिजवायला लागली."

"मशीनवर दिवा कसला हाय? निळा का लाल?"

"लाल."

म्हणजे मशीन झोपलेलं. "मेन बंद केला हुता का?"

"न्हाई रं. तू म्हनलास म्हनून कालपास्नं मी घराबाहेर पाऊल ठेवलं न्हाई. देवळात सुदिक गेले न्हाई."

"रिमोटचं सेल?"

"लाल टिकली चालतीय की! तिचं सेल आन हिरवीचं सेल येगळं असतं व्हय?" पलीकडून चुलतीचा आवाज आला. आईनं फोन स्पीकरवर ठेवला होता. बरोबर होतं तिचं. मला ते सुचायला हवं होतं.

खाली ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याचा ऊस, त्याची ट्रॉली, आणि वर मी नाचतोय. "आवं मालक, रस निघाला खाली! कारखान्यात काय चिपाडं घालू का?"

"थांब रं गड्या, पोरीची परेड हाय!"

"कुटं हाय? हितं?"

"टीव्हीत! आवाज येईना!"

"मग उसावर चढून कसा येईल?"

एसटीतली माणसं खिडकीतून बाहेर आली. उसाच्या पलीकडं अडकलेल्या भांड्यांच्या टेम्पोतून एक चाचा उतरले, तासगावच्या बाजाराला निघालेले, दाढी पांढरी, खांद्यावर रुमाल. काय झालं, कुणाची परेड, हे त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, आणि त्यानं सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं सांगितलं. मग काय, सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणे वायर काढून पुन्हा घाला, कुणी म्हणे टीव्हीवर थाप मारा.

मी कानावर हात ठेवून फोनमध्ये घुसलो. "आई, डोळ्यासमोर काही ठेवलंय का?"

"समोर कुत्रं बी न्हाई."

"रुमाल?"

"न्हाई म्हनते न्हवं! तुझ्या त्या डोळ्यासमोर चकचकीत हाय सगळं. सकाळी लवकर उठून पुसून काढलंय."

"मग मशीनचं बटण..." म्हणालो आणि आठवलं. बटणावर पत्रा. माझाच पत्रा. माझेच रिवेट.

"काकी," मी म्हटलं, "पकड हाय का घरात? पाना, कोयता, काय बी? त्यो पत्रा उचकटा!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज. मग खरवडणं. कोयत्याचं टोक पत्र्यावर घासल्याचा तो आवाज मी आजही ओळखीन. मग चुलती परत आली. "आरं, कोयत्याचं टोक वाकलं. पत्रा जाग्यावर."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची मजबुती ऐकून घाम फुटला.

"कुटवर आली परेड?"

आई सांगू लागली. क्रिकेटचं समालोचन करणाऱ्यांनी आमच्या आईकडं शिकवणीला यावं. "पांढऱ्या हातमोज्यांची पोरं चालल्यात. बँड हाय वाटतं, गाल फुगवून फुंकायला लागल्यात. लांब एक मांडव हाय, तिथं सायब उभा हाय. पयली टोळी त्याच्यापातुर आली. आता समद्यांनी माना वळवल्या!"

पहिल्या कंपनीचं ‘दाहिने देख’ झालं होतं. आमच्या घरात फक्त माना वळलेल्या दिसल्या.

"आबा काय करत्यात?"

"कोट घालून बसल्यात. हात त्या कणगीवर हाय. माझ्याकडं सारकं बघत्यात." आईचा आवाज खाली आला. "हातानं विचारायला लागल्यात, बंद हाय का म्हणून. मी काय सांगू?"

मला ते दिसलं. उसाच्या ढिगावरून मला औंधच्या डोंगराखालचं आमचं घर दिसलं, त्या घरातली खुर्ची दिसली, आणि त्या मुक्या डब्यावर ठेवलेला म्हाताऱ्याचा तळहात दिसला. तो हात वाट बघत होता. हे माझं चाळून घेऊ नका.

"दुसरी टोळी निघाली," आई म्हणाली.

"आपली कितवी?"

"मला काय कळतंय? समदी टोप्या घालून एकसारखीच दिसत्यात. आबास्नी कळंल."

मग आबांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. तो फोनमधून, उसातून, थेट एसटीपर्यंत गेला. "ती! तिसऱ्या टोळीच्या म्होरं! डावा हात बघ! मूठ आवळून टाकती, म्या शिकवल्याली!"

आणि लगेच, त्याहून मोठ्यानं, "आवाज कुटं हाय?"

ड्रायव्हरनं तोंडातली काडी काढून फेकली.

आणि मी आईवर ओरडलो. होय, ओरडलो. उसाच्या ढिगावर उभा राहून, सातारा-सांगलीच्या साक्षीनं, "तुमी लोकांनी काय तरी केलंय! रविवारी म्या स्वता लावून बघितलंय! आवाज येत हुता! काय तरी हात लावलाय तुमी! नीट सांगता येत न्हाई का? काय केलं सकाळी?"

खालून चाचा म्हणाले, "बेटा. माँ पे मत चिल्लाव. तिला विचार, सकाळपासून काय काय केलं. बस."

आई बोलली तेव्हा तिचा आवाज दुखावलेला होता. "काय केलं म्हंजे? आमी काय वंगाळ करतो का? पोरीचा दिस हाय. पाटं आंघोळ केली. उंबऱ्याला हळदकुंकू वाह्यलं. तिच्या फोटोला वाह्यलं. आन ती ज्यातनं दिसनार, ज्यातनं बोलनार, त्या मशीनला न्हाई वाह्याचं? दसऱ्याला तुझा बाप ट्रॅक्टरला वाहतो, तू तुझ्या मोटारीस्नी वाहतोस. म्या बी वाह्यलं. तेलात कालवून, चांगलं ठसठशीत, डोळ्यावर."

"कुटं?"

"डोळ्यावर. तूच म्हनलास, ह्याला दिसतं. मग तिथंच वाहनार न्हवं का? पाठीवर वाह्याचं?"

मी मटकन उसावर बसलो. समोर कुत्रंही नव्हतं. समोर खरंच काही नव्हतं. आणि यात कुणाची चूक काढावी? दसऱ्याला मी स्वतः दुकानात एकेका मोटारीला बोट लावत फिरतो. फरक इतकाच की माझ्या मोटारींना डोळे नसतात.

"आई!" मी उडी मारून उठलो. "त्या कुंकवानं डोळा झाकलाय! रिमोट दिसत न्हाई त्याला! पूस! पदरानं पूस!"

रेंज गेली असं वाटून मी फोन हलवला.

"आई? आवाज येतोय का? कुंकू पूस म्हनतोय!"

"काय बोल्लास?" ती इतक्या हळू म्हणाली की मला फोन कानात खुपसावा लागला. "पोरगी तिकडं वर्दीत उभी हाय. आन म्या हितं कुंकू पुसू? आज? ह्या घरात?"

आणि माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती थांबली.

कारण चुलती त्याच खोलीत उभी होती. माझा धाकटा चुलता फौजेतच होता. तो परत येणार नाही ही खबर आली, त्या दिवशी याच खोलीत, याच भिंतीपाशी, बायकांनी चुलतीचं कुंकू पुसलं होतं. मी शाळेतून घरी आलो होतो आणि दप्तर पाठीवर तसंच होतं. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुंकवाशेजारी ‘पुसणं’ हा शब्दही उच्चारला नाही. कपाळावरचं ओघळलं तर आई म्हणायची, ‘नीट करते’. कुंकवाची वाटी सांडली तर म्हणायची, ‘भरून घेते’. आणि मी उसावर उभा राहून ओरडून सांगत होतो, पूस.

"दुसरी टोळी मांडवापाशी आली," आई म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. "मान वळवली त्यांनी. आता आपली निघंल."

मशीन झोपलेलं होतं, पत्रा निघत नव्हता, रस्ता बंद होता, आणि आईच्या हातून ते होणार नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर माझ्याही हातून झालं नसतं. खाली ड्रायव्हर विचारत होता, "काय झालं? काय म्हनली?" आणि मी नुसता हात हलवत होतो.

मग चुलतीचा आवाज आला. ती फोनवर माझ्याशी बोलत नव्हती. आईशी बोलत होती.

"आक्का, पुसू नका. लावा."

"आं?"

"डोळ्यावरचं बोटावर घ्या. आन आबास्नी लावा."

आमची आई फार विचार करत बसणाऱ्यातली नाही. बांगड्या वाजल्या. मग तिचा आवाज थोडा लांबून आला, "आवं, मान वर करा." मग आबांचा, "अगं हे काय? परेड चाललीय!" मग पुन्हा आई, "गप बसा. लागलं."

"काकी, दाबून बघ!" मी ओरडलो.

"दाबलं. लालच हाय."

तेलात कालवलेलं, ठसठशीत. आमची आई काटकसर कुठंही करेल, कुंकवात नाही. "अजून असंल. भोकात बसलं असंल. अजून घ्या!"

"म्या मला लावते," आई म्हणाली. पुन्हा बांगड्या. पुन्हा हिरवी टिकली. "लालच रं! मांडव जवळ आला! ती मांडवाजवळ आली!"

"अजून घे, आई! कुणाला तरी लाव!"

आणि मग त्या खोलीत जे झालं ते मी बघितलं नाही, फक्त ऐकलं. मग चुलती म्हणाली, "मला नगं, आक्का." मग आई म्हणाली, "पोरगी तुझी बी हाय. मान हलवू नगंस, डोळ्यात जाईल." मग बांगड्या वाजल्या, अगदी हळू.

"काकी," मी हळूच म्हटलं. "दाब."

आधी वूफर जागा झाला. फोनमधून तो आवाज नव्हे, धक्काच आला. ढोल, बूट, बूट, ढोल. मग त्यावरून, चिरत, एक आवाज. फाटला नाही. बेंबीतनं आला, उसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावा तसा, दूर दक्षिणेतून आमच्या घरात आणि आमच्या घरातून पुसेसावळीच्या वळणावर.

"दाहिनेऽऽऽ देख!"

मी फोन कानापासून लांब धरला तरी तो ऐकू येत होता. ड्रायव्हर त्याच्या नकळत ताठ उभा राहिला होता, हात मांड्यांना चिकटवून. चाचांनी खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला. एसटीच्या खिडकीतली म्हातारी म्हणाली, "कुनाची रं पोरगी?" मी म्हणालो, "आमची." एरवी मी त्याला दोन वाक्यं तरी जोडली असती. नाही जोडली.

रस्ता मोकळा व्हायला दुपार झाली. घरी पोचलो तेव्हा आबा कोटातच होते, खुर्चीवरच होते. कपाळावर तेलकट लाल ठसा, भुवयांपर्यंत आलेला. आईनं हात लावू दिला नव्हता. चुलती चुलीपुढं भाकरी थापत होती, पदर जरा पुढं ओढून. मी तिच्याकडं बघितलं नाही असं दाखवलं, आणि तिनंही मी बघितलं नाही असं समजून घेतलं.

मी हातोडी आणि छिन्नी घेऊन मशीनपुढं बसलो आणि माझेच रिवेट तोडायला लागलो. शिव्या माझ्या मलाच. आबांनी वूफरवरचा हात न काढता विचारलं, "काय करतोस?"

"बटण मोकळं करतोय, आबा!"

"आदी कुनी झाकलं हुतं?"

मी जोरजोरात ठोकायला लागलो.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. आईनं आबांच्या बऱ्या कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं तोंडाचा भोंगा करून तिचे शब्द ओरडून सांगितले.

"ती म्हनतीय, आबा, ऐकलं का?"

"ऐकलं."

पलीकडं पोरगी काहीतरी बोलली. आईनं सांगायच्या आधी माझ्याकडं बघितलं. "ती म्हनतीय, खरं सांगा. नुसतं माझ्या समाधानाला सांगू नका. आजी म्हनाली आवाज बिघडला हुता."

आबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. तोंडापुढं धरला, छाती भरून घेतली, आणि त्यांच्या त्या आवाजात, ज्यानं बैलं पाय जुळवायची, ते म्हणाले, "‘दाहिने’ चांगलं लांबवलंस. ‘देख’ लवकर तोडलंस. अर्धं पाऊल थांबायचं हुतं."

फोनमधून पोरीच्या रडण्याचा आवाज आला. मग हसण्याचा. मग ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आईला सांगायची गरज पडली नाही.

"म्हणजे खरंच ऐकलंत!"

आबांनी मान जराशी तिरकी केली. "मंग," ते म्हणाले, आणि फोन आईला देऊन खुर्चीवरून उठायला माझ्याकडं हात पुढं केला.